येशूच्या दृष्टांतांतलं ‘स्वर्गाचं राज्य’ म्हणजे नेमकं काय?

तुम्ही विचारलंय की मत्तयाच्या शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या चरित्रात) 13व्या अध्यायात ‘स्वर्गाचे राज्य अमक्यासारखे आहे’ असं पुन्हा पुन्हा येतं. कधी मोहरी, कधी खमीर, कधी जाळं. मग हे राज्य म्हणजे मेल्यावर जायची जागा, की आणखी काही? तासगावात तुमची द्राक्षबाग आहे असंही लिहिलंय, तेव्हा हे दृष्टांत तुम्हाला माझ्याहून लवकर कळतील.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. ‘स्वर्गाचे राज्य’ हा शब्दप्रयोग फक्त मत्तयाचा. मोहरीचाच दृष्टांत मार्क आणि लूक हे दुसरे शुभवर्तमानकार ‘देवाचे राज्य’ म्हणून सांगतात. देवाचं नाव सहजी तोंडावर आणायचं नाही या यहुदी रिवाजाने मत्तय ‘स्वर्ग’ म्हणतो, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्याकडे बायका नवऱ्याचं नाव न घेता ‘आमच्याकडचे’ म्हणायच्या, तसंच काहीसं. आणि ‘राज्य’ म्हणजे मुलूख नव्हे, राज्य चालवणं, देवाची सत्ता. प्रभूच्या प्रार्थनेत ‘तुझे राज्य येवो’ असं आहे, ‘आम्ही तुझ्या राज्यात जावो’ असं नाही. राज्य इकडे येतं. पुढे न्याय आणि सार्वकालिक जीवन येतंच, पण या गोष्टींचा रोख ते राज्य इथे कसं वागतं यावर आहे.

वाचायची माझी पद्धत सोपी आहे: गोष्टीत जाणकार माणूस ‘असं कुठं असतंय व्हय!’ म्हणेल ती जागा शोधायची. अर्थ बहुधा तिथेच असतो.

निदणाचा दृष्टांत घ्या (मत्तय 13:24-30). गव्हात वैऱ्याने रात्री निदण पेरलं. गडी विचारतात, उपटून टाकू का? मालक म्हणतो, नको, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. वाळवा-पलूसचा कुठलाही शेतकरी इथे अडेल, कारण भांगलण वेळेवर झाली नाही तर पीक गेलं. पण हे तण साधं नाही. ते बहुधा तिकडच्या गव्हातलं रायगवतासारखं विषारी गवत. कोवळेपणी ते हुबेहूब गव्हासारखं दिसतं. ओंबी बाहेर पडल्यावरच फरक कळतो. गव्हाची ओंबी जाड, भरीव आणि दाण्याच्या वजनाने वाकलेली. याची बारीक, चपटी, आणि तिची कणसुली काडीला कडेने चिकटलेली. त्याचे दाणे पिठात गेले तर माणसाला चक्कर येते. ओंबी येईतोवर याची मुळं गव्हाच्या मुळांत गुंतलेली असतात, म्हणून उपटायला गेलं की गहूही येतो. (ज्वारीतला टारफुला वेगळा, तो मुळावरच जगतो आणि लगेच ओळखू येतो.) म्हणजे मालक आळशी नाही, गड्यांच्या नजरेवर त्याचा भरवसा नाही. इथे एक चूक हमखास होते: लोक शेत म्हणजे मंडळी (चर्च) धरतात. 13:38 मध्ये येशू स्पष्ट सांगतो, शेत हे जग आहे. आत कोण, बाहेर कोण हे ठरवायची घाई नको, असा त्याचा रोख. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही ख्रिस्तभक्त होते. मला तो या दृष्टांताच्या फार जवळचा वाटतो.

मोहरीच्या दाण्याच्या दृष्टांतात खटकणारी गोष्ट म्हणजे झाड. जुन्या करारातल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या 17व्या अध्यायात देव उंच डोंगरावर गंधसरू लावतो आणि त्यात पाखरं वस्ती करतात. ऐकणाऱ्यांच्या मनात ते भव्य चित्र होतं. येशू तीच पाखरं आणतो, पण बसवतो मोहरीवर, जी वाढून वाढून आठ-दहा फूट.

खमीर म्हणजे यीस्टची पुडी नव्हे, आदल्या पिठातला आंबलेला गोळा. वल्हांडण या यहुदी सणात तो घराबाहेर काढायचा, एरवीही वाईट शिकवणीची खूण. येशू मात्र राज्यासाठी तोच वापरतो. पीठ तीन मापं, म्हणजे साधारण 40 लिटर, वजनात वीस किलोच्या वर. घरच्या सैपाकाला एवढी कणीक कोण मळतं? ही गावजेवणाची तयारी. एकदा मिसळलेला गोळा परत वेगळा काढता येत नाही, आणि तो काम करताना दिसतही नाही.

आता तुमच्या बागेचा दृष्टांत, मत्तय 20:1-16. मालक पहाटे मजूर ठरवतो, हजेरी एक दिनार. मग 9 वाजता, 12 ला, 3 ला, आणि शेवटी संध्याकाळी 5 ला आणखी माणसं आणतो. मजुरी त्याच दिवशी द्यायची हा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक (लेवीय 19:13). काढणीच्या टोळीत तासभर काम केलेल्याला पूर्ण हजेरी दिलीत तर दुसऱ्या दिवशी टोळी येईल का? मालक तर मुद्दाम शेवटच्यांना आधी देतो, म्हणजे पहाटेपासून राबणाऱ्यांनी ते बघावं. कुणाचा पैसा बुडालेला नाही, ठरलेला दिनार मिळालाच आहे. 5 वाजता भेटलेले आळशी नव्हते, ‘आम्हाला कुणी कामाला लावले नाही’ असं त्यांचं उत्तर आहे. आणि एक दिनार म्हणजे घरची एका दिवसाची चूल. मालकाचा शेवटचा प्रश्न मूळ ग्रीकमध्ये शब्दशः ‘तुझा डोळा वाईट आहे का?’ असा आहे. आपल्या भाषेत, माझं देणं तुझ्या डोळ्यांत खुपतं का? मजुरीचा दर कसा ठरवावा यावर हा दृष्टांत नाही, म्हणून बागेत थेट लावू नका. देवाच्या दारात ज्येष्ठतेचा हिशेब चालत नाही, एवढंच तो सांगतो.

शेतात लपवलेली ठेव आणि मोलाचा मोती हे दोन दृष्टांत (मत्तय 13:44-46) जोडीने वाचा. ठेव अवचित सापडते, मोती शोधून मिळतो. दोन्हींसाठी विकावं मात्र सगळंच लागतं. मोत्यात राज्य ‘मोत्यासारखं’ म्हटलेलं नाही, ‘व्यापाऱ्यासारखं’ म्हटलंय. तुलना वस्तूशी नसून घडणाऱ्या साऱ्या प्रकाराशी असते, हे ध्यानात ठेवलं की निम्मे गोंधळ कमी होतात.

क्रम विचाराल तर आधी मार्क 4 वाचा. तिथे एक छोटा दृष्टांत आहे (26-29), जो दुसऱ्या कुठल्याच शुभवर्तमानात नाही: माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो, आणि जमीन ‘आपोआप’ पीक देते, आधी पात, मग कणीस, मग भरला दाणा. त्यानंतर मत्तय 13 आणि 20. शेवटी 18वा अध्याय, तो आकडे मांडून वाचा: राजाने एका चाकराला माफ केलेलं कर्ज 10,000 तालांत, एक तालांत सुमारे 6,000 दिनारांचा, म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी. आणि त्याच माणसाने ज्याचा गळा धरला, त्याच्याकडून येणं होतं 100 दिनार.