शिल्प-उद्यानात पुन्हा जायचं तर कसं?

प्रश्न : रविवारी आम्ही पाचजण शहरातल्या शिल्प-उद्यानात गेलो. नऊ वर्षांचा मुलगा अर्ध्या तासात ‘झालं ना बघून?’ म्हणू लागला. पाच वर्षांची मुलगी ब्रॉंझच्या बैलावर चढली, तर रखवालदार ओरडला. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या बाकावरच बसल्या. मीही पाट्या वाचत, फोटो काढत फिरले. हाती काही लागलं नाही. पुन्हा जावं का?

उत्तर : जरूर जा, पण तीन-चारच शिल्पं बघा. तीस वर्षं मी मुलांना मातीकाम शिकवते, तरी एका फेरीत यापेक्षा जास्त माझ्याही आत उतरत नाही. शिल्पाला प्रदक्षिणा घालावी लागते. रामकिंकर बैज यांचं ‘संथाल कुटुंब’ (१९३८) शांतिनिकेतनात उघड्यावर आहे. आई, बाप, टोपलीतलं मूल, बरोबर चालणारं कुत्रं. एका जागी उभं राहून ते सगळं हाती येत नाही. मुलाला सांगा, आकृती उभी आहे तसाच उभा राहा, भार त्याच पायावर टाक. मिनिटभरात पोटरी भरून येईल. तोल कुठे धरलाय, हे मग कुणी समजावून द्यावं लागत नाही.

भर दुपारी जाऊ नका. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बोटांचे ठसे, छिन्नीचे घाव उठून दिसतात. शिवाय उन्हात तापलेला धातू लहान हाताला चांगलाच भाजतो.

बैलाचं म्हणाल, तर मुलीची चूक नाही. तिला कारण कुणी सांगितलं नाही. ब्रॉंझ म्हणजे मुख्यतः तांबं आणि कथील. मोठं शिल्प आतून पोकळ असतं, भिंत जेमतेम काही मिलिमीटरची. त्यावरचा हिरवट-तपकिरी थर हातांच्या घर्षणाने आणि घामातल्या क्षारांनी निघत जातो. पुढच्या वेळी तिला हात लागून पिवळं चकाकणारं नाक किंवा गुडघा शोधायला लावा, ती तासभर रमेल. सगळीकडे मनाई असतेच असं नाही. हेन्री मूर यांचं ‘शीप पीस’ (१९७१-७२) इंग्लंडमध्ये पेरी ग्रीनच्या कुरणात आहे. तिथे मेंढ्या त्याच्या आडोशाला बसतात, अंगही घासतात. तुमच्या बागेत काय चालतं ते आधी विचारून घ्या.

सासूबाईंची मला जास्त काळजी वाटली. बाक ही त्यांना मागे ठेवायची जागा होऊ देऊ नका. माझ्या वडिलांना चालवेनासं झालं, तेव्हा आम्ही त्यांना दगडात कोरलेल्या एका जोडप्यासमोर बसवून बाग फिरायला गेलो. दीड तासाने परतलो तर म्हणाले, “ही मघाशी त्याच्याकडे बघत नव्हती.” सावली तिच्या चेहऱ्यावरून सरकली होती. आम्ही शेजारी बसून पाहिलं, खरंच बघत होती. त्यांनी आम्हाला तिथून अर्धा तास हलू दिलं नाही.

तेव्हा आत शिरल्या शिरल्या सासूबाईंना विचारा, कुणासमोर बसायला आवडेल. आणि परतताना त्यांच्याजवळ सगळेच जरा वेळ टेका.