'भूक मारणे', 'भूक मरणे' आणि ताणाची संप्रेरकं

नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरचे एक वाचक पशुपालकांसाठी माहितीपत्रक लिहीत आहेत. ते विचारतात, "टेम्पोतून आणलेली गाय सुरुवातीला वैरणीला तोंड लावत नाही. त्याबद्दल 'ताणाची संप्रेरके जनावराची भूक मारतात' असं लिहिलं तर चालेल का?"

माझ्या मते नको. यात क्रियापद खटकतं आणि कर्ता तर चुकलेलाच आहे.

भूक 'मारतो' तो माणूस, जाणूनबुजून, चहावर चहा पिऊन. भूक 'मरते' ती बहुधा जेवणाची वेळ टळल्यावर, आपोआप. दुखण्यानं किंवा धसक्यानं होतं त्याला मराठीत वेगळा शब्दप्रयोग आहे: अन्नावरची वासना उडणे. पोट रिकामं असतं, तरी घास घ्यावासा वाटत नाही. टेम्पोतून उतरलेल्या गायीचं हेच होतं. गोठ्यात मात्र 'गायीनं खाणं सोडलं' एवढंच म्हणतात, आणि माहितीपत्रकाला तेच शोभेल.

आता कर्ता. ताण येताच मेंदूतल्या अधश्चेतकातून (हायपोथॅलॅमसमधून) सीआरएच नावाचं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, स्रवतं. (स्रवतं, 'स्त्रवतं' नव्हे.) ४१ अमिनो आम्लांची ही साखळी १९८१ मध्ये मेंढ्यांच्या मेंदूतून वेगळी करून ओळखली गेली. तिच्या इशाऱ्यावर पीयूषिका ग्रंथी एसीटीएच नावाचं संप्रेरक सोडते, ते रक्तातून मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत जातं आणि तिथून कॉर्टिसॉल सुटतं. उंदरांत आणि कोंबड्यांत त्याच्या जागी मुख्यतः कॉर्टिकोस्टेरॉन असतं. 'ताणाचं संप्रेरक' म्हणतात ते हे, या क्रमातलं शेवटचं.

पण खाण्यावरची वासना उडवण्यात मोठा हात सीआरएचचा असतो. उंदरांच्या मेंदूत ते थेट टोचलं की त्यांचं खाणं घटतं. शेवटच्या संप्रेरकाचा कल उलटा आहे. उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी काढल्या तर ते कमी खातात, आणि बाहेरून कॉर्टिकोस्टेरॉन दिलं की पुन्हा खाऊ लागतात. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असलेल्या माणसांची भूक खवळते, त्याची जातकुळीही हीच.

म्हणून 'ताणात भूक जाते' आणि 'ताणात भूक खवळते' ही दोन्ही वाक्यं आपण बोलतो ती बरोबरच आहेत. पहिलं बहुतेकदा लगेचच्या धक्क्याचं, दुसरं धक्का ओसरल्यानंतरचं किंवा लांबलेल्या ताणाचं.

माहितीपत्रकात मी असं लिहीन: 'प्रवासाच्या ताणानं जनावराच्या मेंदूत असे पदार्थ स्रवतात की त्याची खाण्यावरची वासना उडते.' 'पेप्टाइड' शब्द तिथे नसला तरी अडत नाही. आणि 'तणाव' नको, 'ताण'च ठेवा. तणाव दोन घरांत असतो, दोन देशांत असतो, गायीच्या अंगावर येतो तो ताण.