मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर) सकाळी 900 मेगाओहम आणि दुपारी 20 गिगाओहम दाखवतो. केबल बदलावी का?

बदलू नका, आधी गार्ड (मेगरचे तिसरे टर्मिनल) जोडा. तापमान वाढले की इन्सुलेशनचा रोध उतरतो. तुमचा दुपारी चढतो आहे, याचा अर्थ तुम्ही केबल मोजत नसून टर्मिनेशनवरचा, म्हणजे केबलच्या टोकाच्या जोडणीवरचा, ओलावा मोजत आहात.

कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात असताना गळीत हंगामापूर्वी 11 केव्ही केबलचे 5 केव्हीवर मेगरिंग माझ्याकडे होते. पावसाळाभर बंद राहिलेल्या पॅनेलमध्ये टर्मिनेशनवर बगॅसची (उसाच्या चिपाडाची) धूळ बसली होती, आणि तीत साखरेचा अंश असल्याने ती हवेतला ओलावा धरून ठेवते. रीडिंग 700 मेगाओहम आले. मी टर्मिनेशनभोवती उघडी तांब्याची तार घट्ट गुंडाळून गार्डला जोडली, तेव्हा ते 60 गिगाओहमवर गेले. म्हणजे आधीच्या सुमारे 7 मायक्रोअँपिअरपैकी (5 केव्ही भागिले 700 मेगाओहम) जेमतेम शंभरावा हिस्सा खुद्द इन्सुलेशनमधून जात होता. साहेब म्हणाले, "तार गुंडाळून आकडा फुगवलास." टर्मिनेशन कापले, नवे बसवले, दुपारच्या उन्हात उत्तम रीडिंग आले आणि जुने खराब होते असा शेरा पडला. कापलेले टर्मिनेशन केबलच्या तुकड्यासह पुसून पुन्हा मोजू, ही माझी विनंती कोणी ऐकली नाही. गार्ड आकडा फुगवत नाही. पृष्ठभागावरचा प्रवाह तो मीटरला वगळून परत पाठवतो, एवढेच.

टर्मिनेशन नसलेल्या उघड्या एक्सएलपीई (पॉलिथिनचे इन्सुलेशन) टोकावर सेमीकॉनचा (इन्सुलेशनवरचा अर्धवाहक) काळा थर नीट सोलावा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने कंडक्टरकडून सेमीकॉनकडे पुसावे, उलट पुसल्यास कार्बन इन्सुलेशनवर पसरतो. मेगरच्या लीड (जोडतारा) जमिनीवर लोळू देऊ नयेत, शील्डेड लीड असल्यास शील्ड गार्डला द्यावी.

मात्र गार्डसह आलेला मोठा आकडा टर्मिनेशन निर्दोष असल्याचा दाखला नव्हे, कारण चालू दाबाखाली ती गळती तिथेच राहते आणि तिथे गार्ड नसतो. त्यामुळे पुसून, सुकवून पुन्हा मोजल्याशिवाय केबल चार्ज करू नये, आणि इतक्यापुरते साहेबांचे भय रास्त होते. गार्डशिवायचे आणि गार्डसह, अशी दोन्ही रीडिंग वेळ आणि आर्द्रतेसह रजिस्टरात लिहा. आमच्या रजिस्टरात दुसरे कधी लिहिलेच गेले नाही.