लोकप्रिय कलाकारांचे इलेक्ट्रॉनिक संगीत खेड्यातल्या गोष्टीच्या चित्रपटाला चालेल का?

आपण विचारले आहे की, रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी देणाऱ्या एका शेतकऱ्यावर आपण वीस मिनिटांचा लघुपट करीत आहात, त्याच्या शेवटच्या प्रसंगावर एका नामवंत इलेक्ट्रॉनिक कलाकाराचा ट्रॅक लावण्याची आपली इच्छा आहे, पण आपले सहकारी म्हणतात की खेड्याच्या गोष्टीला असले संगीत शोभत नाही, तिथे बासरीच हवी. मी दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातील, नाटकांत ऑर्गन वाजवतो आणि उरलेल्या दिवसांत आमच्या भागातील मुलांच्या लघुपटांना पार्श्वसंगीत करून देतो, त्या अनुभवावरून लिहितो. सहकाऱ्यांचा आक्षेप मला अजिबात मान्य नाही. आपला ट्रॅक मात्र मला जोखमीचा वाटतो, आणि त्याचे कारण खेडे हे नाही.

आधी आक्षेपाविषयी. 'चॅरियट्स ऑफ फायर' या १९८१ च्या चित्रपटाची गोष्ट १९२४ च्या ऑलिंपिकमधील धावपटूंची आहे. त्या काळी सिंथेसायझर, म्हणजे विजेवर स्वर घडवणारे वाद्य, नावाची वस्तूच नव्हती. तरी संगीतकार व्हँगेलिस यांनी त्याला सिंथेसायझरचे संगीत दिले आणि त्या संगीताला ऑस्कर मिळाले. संगीत काळाला किंवा जागेला शोभते की नाही, यापेक्षा ते पात्राच्या मनाला शोभते की नाही, हा प्रश्न मोठा असतो. शिवाय आपल्या विदर्भातील कोणते खेडे आता इलेक्ट्रॉनिक आवाजावाचून राहिले आहे? झाडीपट्टीच्या नाटकात तबल्याच्या शेजारी ऑक्टोपॅड (काडीने वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) असतो, वरातीत धुमाल हा वाद्यमेळ असतो, दुर्गेच्या विसर्जनाला डीजे असतो. बासरी खेड्याची आणि सिंथेसायझर शहराचा, ही वाटणी चित्रपटांनी केलेली आहे, गावाने नव्हे. (शिवारभर शोधूनही एकही बासरी वाजवणारा न सापडणारी गावे मी दाखवू शकतो.)

आता खऱ्या अडचणीकडे येतो. नाटकात आम्ही वादक मंचाच्या समोर बसतो आणि आमचे डोळे नटावर असतात. बापाच्या प्रेताजवळ मुलगा येतो, तेव्हा तो किती वेळ गप्प राहील हे रोज वेगळे असते. गर्दी स्तब्ध असेल तर तो थांबतो, मागे कुणाची शिट्टी वाजली तर लवकर बोलून टाकतो. मी एक स्वर दाबून ठेवतो आणि त्याचा श्वास भरलेला दिसला की सोडतो. ऑक्टोपॅडवाला हातात काडी धरून माझ्याकडे पाहत असतो. पार्श्वसंगीत प्रसंगाची वाट पाहते, ते असे. तयार ट्रॅक कुणाचीच वाट पाहत नाही. नृत्यासाठी केलेल्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा वेग आरंभापासून अखेरपर्यंत सहसा एकच असतो. मिनिटाला १२८ ठोके असतील, तर ३२ ठोक्यांचा एक तुकडा बरोबर १५ सेकंदांत संपतो आणि ट्रॅकमधील मोठे बदल बहुधा अशा तुकड्यांच्या सीमेवरच येतात. आपला शेतकरी बांधावर बसून १९ सेकंद काही न बोलता पाहत राहिला असेल, तर ट्रॅक त्याच्या आधीच पुढच्या तुकड्यात शिरलेला असतो. मग एक तर प्रसंग कापावा लागतो किंवा ट्रॅक, आणि नवखा दिग्दर्शक नेहमी प्रसंग कापतो, कारण ट्रॅक त्याला जास्त आवडलेला असतो.

यावर जगात जे उपाय झाले, त्यांतील काही आपल्या उपयोगाचे आहेत. डॅनी बॉयल यांच्या 'ट्रेनस्पॉटिंग'च्या शेवटी अंडरवर्ल्ड या इलेक्ट्रॉनिक गटाचा 'बॉर्न स्लिपी' वाजतो. तो ट्रॅक १९९५ मध्येच आला होता. १९९६ मध्ये चित्रपटानंतर पुन्हा काढल्यावर तो ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. तिथे तयार ट्रॅक चालला, कारण प्रसंगच त्याच्या अंगाने चालतो: नायक मित्रांचे पैसे घेऊन पहाटे निघून जातो, मागून निवेदन येते, आणि कुणाच्या संवादासाठी थांबण्याची गरज उरत नाही. दुसरी रीत 'मिडनाइट एक्स्प्रेस'ची. दिग्दर्शक ॲलन पार्कर यांना डॉना समर यांच्या 'आय फील लव्ह' या १९७७ च्या गाण्यासारखे धडधडते संगीत हवे होते. त्यांनी ते गाणे उचलून लावले नाही, तर ज्यांनी ते घडवले त्या जॉर्जिओ मोरोडर यांच्याकडूनच पाठलागाच्या प्रसंगासाठी नवे करून घेतले. या संगीतालाही ऑस्कर मिळाले.

तिसरी रीत मला सर्वांत शहाणपणाची वाटते, पण ती फार थोडे लोक वापरतात. विल्यम फ्रीडकिन यांच्या 'सॉर्सरर' (१९७७) साठी टँजरीन ड्रीम या जर्मन गटाने चित्रफीत न पाहता, केवळ पटकथेच्या आधारे संगीत केले. संगीत हाती आधीच असेल, तर चित्रीकरण आणि संकलन त्याच्या चालीने करता येते. शेवटी जबरदस्तीने चिकटवावे लागत नाही. आपले चित्रीकरण अजून बाकी असेल, तर हाच मार्ग धरा.

कलाकार प्रसिद्ध असला की आणखी एक गोष्ट सोबत येते, ती म्हणजे प्रेक्षकाची आठवण. इलेक्ट्रॉनिक संगीतकार न्यूक्लिया यांच्या संगीतात आपल्याकडच्या रस्त्यावरचे आवाज आणि ताल भरपूर असतात, आणि 'मुक्काबाज'मध्ये रॅपर डिव्हाइनसोबत केलेले त्यांचे 'पैंतरा' त्या मुष्टियोद्ध्याच्या गोष्टीत रुजून बसते, कारण ते त्याच चित्रपटासाठी केलेले आहे. त्यांचाच एखादा जुना, वरातीत शंभर वेळा वाजलेला ट्रॅक आपल्या शेवटच्या प्रसंगावर लावला, तर पहिल्या ठोक्याला अर्धे प्रेक्षक मनाने वरातीत पोहोचतील. शेतकरी एकटाच बांधावर राहील. याउलट 'कार्तिक कॉलिंग कार्तिक' (२०१०) चे पार्श्वसंगीत मिडिव्हल पंडित्झ ही इलेक्ट्रॉनिक संगीताची जोडी आणि कर्ष काळे यांनी केले होते. त्यांचे नाव ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांनाही त्यातील अस्वस्थपणा पोहोचला. नाव मोठे असणे प्रेक्षागृहाबाहेर उपयोगी पडते, आत नाही.

परवानगीचा विषय आपण काढला नाही, पण तो टाळता येणार नाही. तयार ट्रॅकसाठी दोन वेगळ्या परवानग्या लागतात: रचनेच्या हक्कदाराची आणि ध्वनिमुद्रणाच्या हक्कदाराची, आणि हे दोघे बहुधा निरनिराळे असतात. तीस सेकंदांपर्यंत वापरले तर चालते, श्रेयनामावलीत नाव दिले तर चालते, असे आपल्याकडे सर्रास सांगतात. भारतीय कायद्यात असे काहीही नाही. लग्नाच्या वरातीत तेच गाणे वाजवायला प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या ५२ व्या कलमात सूट आहे, त्यामुळे लोकांना वाटते की सगळीकडेच सूट आहे. चित्रपटाला ती नाही. लघुपट महोत्सवाला पाठवताना हा प्रश्न विचारला जातोच, आणि इंटरनेटवर चढवला तर त्यातील ट्रॅक आपोआप ओळखला जाऊन लघुपट अडवला जाऊ शकतो.

काही कलाकारांनी आपले संगीत खुल्या परवान्याखाली दिलेले आहे. नाइन इंच नेल्स या अमेरिकन गटाचा 'घोस्ट्स' हा २००८ चा शब्दहीन संग्रह तसा आहे, आणि त्या गटाचे ट्रेंट रेझनर व त्यांचे सहकारी ॲटिकस रॉस यांनी त्यातीलच काही रचना नव्याने घडवून 'द सोशल नेटवर्क'मध्ये वापरल्या. पण परवाना नीट वाचा: त्यात व्यापारी वापराला मनाई आहे, आणि त्यावर उभारलेली आपली कृतीही त्याच परवान्याखाली द्यावी लागते. पुढे लघुपट विकण्याचा विचार असेल, तर हा रस्ता बंद समजा.

मी आपल्या जागी असतो, तर शेतातच संगीत शोधले असते. विहिरीजवळच्या डीपीची, म्हणजे वीजपुरवठ्याच्या ट्रान्सफॉर्मरची, घरघर तासभर ऐका. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची, आणि प्रत्येक आवर्तनात ट्रान्सफॉर्मरचा गाभा दोनदा ताणला जातो, म्हणून ती घरघर १०० हर्ट्झच्या आसपास असते. पेटीवर पाहिले तर खर्जातल्या पांढरी पाचपेक्षा (पाचव्या पांढऱ्या पट्टीपेक्षा) ती किंचित चढी भरते. सिंथेसायझरवर तोच स्वर धरा, अर्धस्वराच्या साधारण एक तृतीयांशाने चढवा, आणि डीपीच्या मुद्रित आवाजाखाली हळूहळू आणा. घरघर कुठे संपली आणि संगीत कुठे सुरू झाले, हे प्रेक्षकाला कळणार नाही. स्प्रिंकलर फिरताना त्याच्या नोझलची जी टक्‌टक्‌ होते, ती ध्वनिमुद्रित करून तिचाच ताल करा. पाण्याचा दाब कमी झाला की ती आपोआप मंदावते, म्हणजे वीज जाण्याचा प्रसंग तालातूनच सांगता येईल. वीज येण्याची वाट पाहणाऱ्या माणसाची रात्र यापेक्षा जवळून कुठलाही प्रसिद्ध कलाकार वाजवू शकणार नाही.

एवढे करूनही तयार ट्रॅकच हवा असेल आणि परवानगी मिळत असेल, तर संकलनाच्या टेबलावर उलट्या दिशेने काम करा. ज्या क्षणी मोटार बंद पडते, त्या क्षणावर ट्रॅकमधील मोठा बदल ठेवा आणि तिथून मागे मोजत या. सुरुवात कुठे येईल ती येऊ द्या, ती आवाज मंद करून लपवता येते, मधला सांधा लपत नाही. आणि मिश्रण करताना अंतिम निर्णय हेडफोनवर घेऊ नका. आपला लघुपट गावातले लोक मोबाइलवर पाहतील, आणि मोबाइलच्या स्पीकरमधून खालचा खर्ज जवळजवळ येतच नाही. त्या खर्जाच्या एक सप्तक वर तोच स्वर आणि त्याच्याही वरचा पंचम थोडा मिसळून ठेवा, म्हणजे कान खालचा स्वर आहे असे समजून घेतो. ग्रामपंचायतीसमोर पडदा लावून दाखवणार असाल, तर आदल्या संध्याकाळी त्याच भोंग्यांवर शेवटची पाच मिनिटे वाजवून पाहा आणि संवाद बुडत असतील तर संगीत खाली घ्या.