मनाला पटत नाही म्हणून सरकारी नोकराला काम नाकारता येतं का?

तुमचा भाऊ विवाह नोंदणीच्या कामावर आहे, आंतरधर्मीय लग्नाची नोटीस घ्यायला त्याचं मन धजत नाही, आणि संविधानाच्या कलम 25 मधल्या सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा आधार घेऊन त्याला नकार देता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते, नाही. कलम 25 त्याला आहे तसंच समोर उभ्या असलेल्या जोडप्यालाही आहे. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात नोटिशीनंतर 30 दिवस हरकतीसाठी असतात, आणि हरकत घ्यायची ती कलम 4 मधल्या अटींवरच: वय, आधीचा जोडीदार हयात आहे का, मानसिक क्षमता, निषिद्ध नातं. अधिकाऱ्याला ते लग्न पसंत आहे का, हे त्यात कुठंच विचारलेलं नाही.

मी कोल्हापूरचा, महसूल खात्यातून निवृत्त झालेला. आमच्याकडे या प्रश्नाचा निकाल शंभर वर्षांपूर्वीच लागलाय. जानेवारी 1919 मध्ये शाहू महाराजांनी हुकूम काढला की संस्थानच्या अधिकाऱ्यांनी अस्पृश्यांना समतेनं आणि ममतेनं वागवावं. ज्याची तशी तयारी नसेल त्यानं सहा आठवड्यांत राजीनाम्याची नोटीस द्यावी, त्याला पेन्शन मिळणार नाही. हा हुकूम मला फार मोठा वाटतो. महाराजांनी कुणाच्या मनावर सक्ती केली नाही. मन ज्याचं त्याच्याकडे राहू दिलं, पण खुर्ची रयतेची ठेवली. त्याआधी वेदोक्ताच्या वादातही तेच झालं होतं. राजोपाध्ये, म्हणजे राजघराण्याचे पुरोहित, छत्रपतींच्या घरचे विधी वेदोक्त पद्धतीनं, म्हणजे वेदमंत्रांनी, करायला तयार नव्हते. त्यांची श्रद्धा खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण ज्या सेवेसाठी इनामं होती ती सेवा नाकारून इनामं तेवढी ठेवता येईनात, ती जप्त झाली.

आता वाट काय? आमच्या ऑफिसात एक माळकरी कारकून होते. त्यांच्याकडे परमिट रूमच्या परवान्यांचं टेबल आलं. त्यांनी साहेबांना सरळ सांगितलं, मला हे टेबल नको. साहेबांनी बदलून दिलं, पण त्याला वेळ लागला. तोवर त्यांच्याकडे एकही फाइल अडली नाही. अर्जदारांना काही कळलंही नाही, आणि मला वाटतं ते कळू न देणं हाच त्यांचा मोठेपणा.

कारण सरकारी ऑफिसात तोंडावर ‘नाही’ कुणी म्हणत नाही. ‘उद्या या’, ‘साहेब मीटिंगला आहेत’, ‘एक झेरॉक्स कमी आहे’, असंच चालतं. पोराबाळांनी घरच्यांशी भांडून, जिवाच्या भीतीनं एखादा कागद आणलेला असतो आणि तो ड्रॉवरमध्ये पडून राहतो. याला विवेक म्हणू नये. 1930 मध्ये पेशावरला ब्रिटिश फौजेतल्या चंद्रसिंह गढवालींनी निःशस्त्र लोकांवर गोळी चालवायला नकार दिला तो उघडपणे, आणि शिक्षा स्वतः भोगली. त्या नकारानं माणसं वाचली. तुमच्या भावाच्या नकाराची किंमत मात्र ते जोडपं मोजणार.

बेकायदेशीर हुकमाची गोष्ट वेगळी. तो नाकारायलाच हवा. वरिष्ठांचा तोंडी आदेश लेखी मागून घेण्याची सोय महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मध्ये आहे, ती जरूर वापरावी. पण कायदेशीर काम केवळ मनाला पटत नाही म्हणून नाकारता येत नाही. डॉक्टरांसाठीसुद्धा 2002 च्या आचारसंहितेत लिहिलंय की वैद्यकीय गरज असताना केवळ धार्मिक कारणावरून गर्भपाताला किंवा नसबंदीला नकार देता येत नाही.

भावाला सांगा, टेबल बदलून मिळण्याचा अर्ज आजच द्या. त्यात कारण खरं ते लिहा, ‘तब्येतीच्या कारणास्तव’ लिहू नका. आणि अर्ज मंजूर होईपर्यंत येईल ती नोटीस त्याच दिवशी नोंदवहीत घ्या.