गाड्या नाहीत, कारखाने नाहीत, मग जंगलात इतकी वर्षं हवेतले कण मोजून मिळतं काय?

फिनलंडच्या जंगलातल्या स्वच्छ हवेत पंचवीस-तीस वर्षं कण मोजण्यात पैसा वाया जातो का, असं तुम्ही विचारलंय. नाही जात. तिथल्या ह्युतियाला गावच्या जंगलात स्मिअर २ नावाचं हवा मोजण्याचं केंद्र आहे, तिथे मी एक हिवाळा फिल्टर तोलण्यात घालवलाय, त्यामुळे हा प्रश्न मला लागतो.

१९६२ साली बी पेरून वाढवलेलं पाइनचं जंगल आहे ते. हेलसिंकी विद्यापीठ तिथे जानेवारी १९९६ पासून कणांची संख्या आणि आकार मोजतंय, अगदी ३ नॅनोमीटरपासून (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). माझ्याकडे काम होतं वजनाचं. इम्पॅक्टर म्हणजे कण आकारानुसार वेगळे करणारं उपकरण; त्यात जाड कण वरच्या थरावर आपटून चिकटतात, बारीक खालच्या फिल्टरवर बसतात. दोन-तीन दिवस हवा ओढली तरी फिल्टर जड होतो तो मिठाच्या मोजक्या कणांएवढा. थंडीत हवा इतकी कोरडी की फिल्टरवर स्थिर वीज साठायची आणि काट्याचा आकडा ठरायचाच नाही. एकदा पाऊण तास झगडून मी शेवटचा आकडा लिहून मोकळा झालो. तिथल्या अनुभवी तंत्रज्ञ बाईंनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, "आकडा हलत होता हे कुठे लिहिलंय?" मी ते लिहिलं नव्हतं. ती नोंद त्यांनी माझ्यासमोर बाद केली.

आता तुमचा प्रश्न. जंगल स्वतःच कण तयार करतं. पाइनच्या राळेचा जो वास येतो, त्या वायूंची ओझोनशी क्रिया होते, त्यातून निघालेली वाफ गंधकाम्लाच्या इवल्याशा पुंजक्यांवर बसते. असे दिवस वसंतात सर्वाधिक. कण वाढत जातात आणि पुढे त्यांच्यावर ढगांचे थेंब धरतात. मोजणीच्या याच वर्षांत युरोपातलं गंधकाचं उत्सर्जन खूप घटलं. यातलं झाडांचं किती आणि धुराड्यांचं किती, हे तीन वर्षांच्या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. एखादा उन्हाळा कडक गेला की सगळं चित्र बदलतं.

इकडे परतल्यावर एका संस्थेत होतो. नवं यंत्र आलं त्याच आठवड्यात जुनं अडगळीत गेलं. आलेखात सरळ पायरी पडली आणि अहवालात छापून आलं, "हवा सुधारली." ती पायरी हवेमुळे पडली की यंत्र बदलल्यामुळे, हे कळायला दोन्ही यंत्रं वर्षभर, पावसाळ्यासकट, शेजारी-शेजारी चालवा म्हणून मी भांडलो. "आकडे कमी आलेत ना? मग आनंद माना," असं उत्तर मिळालं. ते चूक होतं, आजही माझं तेच मत आहे. तुम्ही या क्षेत्रात असाल तर जुनं यंत्र हलवू देऊ नका, साहेब कितीही चिडोत.

हो, एक राहिलं. ह्युतियालाची हवाही निव्वळ जंगलाची नसते, दूरच्या वणव्यांचा धूर तिथेही पोचतो. आणि तिथले आकडे आपल्या शहरांना लावू नका. शहरातल्या हवेसाठी शहरातच मोजावं लागतं, तेही तितकीच वर्षं.