आधी खिचडी, मग बाकीचं

प्रिय बापू,

अनेक आशीर्वाद.

शिकायच्या खानदेशी पदार्थांची तू पाठवलेली यादी वाचली. खिचडी, शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी, फुणके-कढी, वरण-बट्टी, पातोड्या, डुबुकवड्या आणि शेवटी खापरावरची पुरणपोळी! हसू आलं आणि जरा धास्तीही वाटली. धुळ्यात भाड्याची एक खोली, एक शेगडी, छोटा कुकर, कंपनीतून यायला संध्याकाळचे सात. एवढं सगळं एकदम अंगावर घेतलंस तर पंधरा दिवसांत पुन्हा पार्सल आणायला लागशील. खापरावरचे मांडे, म्हणजे तीच पुरणपोळी, तर विसरच. ज्या बायका ते हातावर फिरवतात त्यांची लहानपणापासूनची सवय असते, व्हिडिओ पाहून ते हातात उतरत नाही. बट्टी सुट्टीच्या दिवसाची, चार जण जेवायला असतील तेव्हाची. पातोड्या आणि डुबुकवड्याही राहू दे सध्या. उरले पाच. एवढे पुष्कळ आहेत.

खानावळीत इतकी वर्षं रांधल्यावर माझं एक मत झालंय. साध्या पदार्थात अडून बसायची जागा एकच असते. तिथे घाई केली की पदार्थ गेला. बाकी ठिकाणी थोडं इकडंतिकडं झालं तरी काही बिघडत नाही. कृती सांगणारे लोक सगळ्या पायऱ्या सारख्याच जोराने सांगतात, त्यामुळे नवशिक्याला कळत नाही की जीव कुठे लावायचा. मी तुला ती जागा दाखवते. मापं दोन-चारदा करशील तशी आपोआप बसतील.

सामान फार नको. शेंगदाण्याचं तेल चांगलं आण, शक्य असेल तर घाण्याचं. आपल्याकडचं निम्मं जेवण तेलाच्या चवीवर उभं आहे, तिथे काटकसर करू नकोस. लसूण, हिरव्या मिरच्या, जिरे, मोहरी, हळद, तिखट, काळा मसाला, सुकं खोबरं, शेंगदाणे. काळा मसाला मिक्सरवर करायच्या भानगडीत पडू नकोस, गल्लीत कोणी ना कोणी घरगुती करून विकणारी बाई असतेच. पाव किलोच घे. जास्त घेतलास तर वास उडून जातो. खलबत्ता मात्र घे, लोखंडी किंवा दगडी. लसूण-मिरची मिक्सरमध्ये वाटली तर पाणी सुटतं. ठेचली तर सुटतो तो वास वेगळा, तो तुझ्या ओळखीचाच आहे.

आता खिचडी. बाकी मुलखात खिचडी म्हटलं की मुगाची, मऊ, गुरगुटी, तापातून उठलेल्या माणसाची. आपल्याकडे ती तुरीच्या दाळीची, तिखट, आणि धडधाकट माणसाचं रात्रीचं जेवण. शेतातून आलेल्या घरात दिवस मावळला की तीच शिजते. तुझ्या एकट्यासाठी अर्धी वाटी तांदूळ आणि पाव वाटी तूरदाळ. भूक जास्त असेल तर दुप्पट कर, पण तांदूळ दोन आणि दाळ एक हे धरून ठेव. महाग बासमती नको, रोजचा जाडसर तांदूळच बरा. दोन्ही धुऊन अर्धा तास भिजत ठेव. खोलीवर आलास की आधी हेच कर, मग हातपाय धू, चहा घे.

कुकरमध्ये तेल चांगलं दोन-तीन चमचे. मोहरी तडतडली की जिरे, मग ठेचलेला लसूण. सात-आठ पाकळ्या, घाबरू नकोस. खिचडीची जागा इथे आहे. लसूण कडेने तांबूस होईपर्यंत दुसरं काहीही टाकायचं नाही. लोक पांढऱ्या लसणावरच कांदा ओततात, कांद्याला पाणी सुटतं, लसूण उकडला जातो आणि मग खिचडीत काहीतरी कमी आहे म्हणून मसाला वाढवत बसतात. गॅस मध्यम ठेव, अर्धा मिनिट थांब. तांबूस झाला की मिरच्या, उभा चिरलेला कांदा, मूठभर शेंगदाणे, हवा तर एक बटाटा. हळद, तिखट, चवीपुरता काळा मसाला. निथळलेले दाळ-तांदूळ त्यात मिनिटभर परत, मीठ घाल, पाऊण वाटी धान्याला अडीच वाटी पाणी ओत. सैल आवडत असेल तर तीन. मध्यम आचेवर तीन शिट्ट्या, मग वाफ आपोआप जिरू दे. शिट्टी चिमट्याने उचलून वाफ सोडायची घाई केलीस तर दाळ टणटण राहील.

ताटात घेतल्यावर वरून कच्चं तेल. तूप नाही, तेल. तुझ्या कंपनीतले मुंबईकडचे मित्र हसतील. त्यांना एक घास खायला दे म्हणजे झालं. बरोबर भाजलेला पापड किंवा बिबडा (ज्वारीचा पापड), फोडलेला कांदा, लोणचं. एखाद्या दिवशी कढी कर: दोन वाट्या ताकाला एक चमचा बेसन, आणि पहिली उकळी येईपर्यंत पळी थांबवायची नाही, नाहीतर फुटते.

महिनाभर फक्त खिचडी कर, रोज नाही, मन होईल तेव्हा. चार-पाच वेळा केलीस की तेल कधी तापलं, लसूण कधी झाला हे न बघता नुसत्या वासावरून कळायला लागेल. तेवढं आलं की पुढचे चारही पदार्थ निम्मे सोपे.

दुसरी शेवभाजी. ढाब्यावर खाऊन तुला वाटत असेल की काहीतरी गुपित आहे. गुपित बिपित काही नाही, कांदा आणि खोबरं पुरेसं भाजलेलं असतं एवढंच. एक मोठा कांदा उभा चिरून थोड्या तेलावर तपकिरी कर, कडा काळपट दिसेपर्यंत. खोबऱ्याचा अर्ध्या वाटीएवढा कीस वेगळा भाज, कारण त्याला वेळ कमी लागतो आणि डोळा चुकवून जळतं. ही तुझी अडायची जागा. रस्सा गोडसर लागला तर समज, कांदा कच्चा काढलास. मग आलं, लसूण, कोथिंबिरीच्या काड्या घालून बारीक वाट, इथे मिक्सर चालेल. कढईत तेल सढळ, वाटण टाकून तेल कडेने सुटेपर्यंत परत, नंतर तिखट आणि चमचाभर काळा मसाला. पाणी गरमच घाल. गार पाण्याने तर्री बसते, वर येत नाही. सात-आठ मिनिटं उकळू दे.

शेव भाजीची वेगळी मिळते, जाड आणि तिखट. फरसाणातली बारीक शेव रश्शात पडली की लगदा. आणि शेव कढईत घालायचीच नाही, ताटलीत घेताना घालायची. रस्सा उरला तर दुसऱ्या दिवशी चालतो, शेव घातलेला रस्सा टाकूनच द्यावा लागतो.

कळण्याचं पीठ घरी होत नाही, ते गिरणीतून आणायचं. ज्वारी चार भाग, सालासकट काळे उडीद एक भाग, आणि दळतानाच खडे मीठ. रब्बीची दादर ज्वारी मिळाली तर उत्तम, तिची भाकरी गोड आणि मऊ. दोन किलोच्या वर दळू नकोस, जुन्या पिठाची भाकरी थापताना कडेने तडकते. नुसत्या ज्वारीपेक्षा कळण्याची भाकरी नवख्याला सोपी, उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो. अडायची जागा मळण्यात. एका भाकरीचं पीठ घे, तळहाताच्या टाचेने घासून घासून मळ, लोण्यासारखं लागेपर्यंत. मग थाप. पहिल्या भाकऱ्या वाकड्या होतील, त्या वाकड्याच खा. थापणं जमेचना तर पोळपाटावर प्लास्टिकच्या कागदावर थापून तव्यावर उलटी कर. मला ते पटत नाही, पण उपाशी राहण्यापेक्षा बरं. सोबत ठेचा, तेल आणि कांदा. थंडीत उडदाची घोटलेली दाळ केलीस तर आणखी काही लागत नाही.

भरताबद्दल मात्र मी जरा हट्टी आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहिते. पहिली गोष्ट, वांगं. बाजारात बारमाही मिळतं ते जांभळं, काळपट वांगं भरताचं नाही. आपलं भरताचं वांगं मोठं, फिकट हिरवं, पांढऱ्या रेघांचं, बिया कमी. यावल तालुक्यातल्या बामणोदचं, जळगावजवळच्या आसोद्याचं नाव त्यासाठीच निघतं, आणि 2016 मध्ये जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. खरा हंगाम थंडीचा. चातुर्मासात वांगं न खाणाऱ्या घरांत चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मगच ते ताटात येतं. म्हणजे आत्ता भर उन्हाळ्यात भरीत करायचा हट्ट धरू नकोस. घेताना दोन सारख्या आकाराची वांगी हातात तोल, हलकं असेल ते घे. जड वांग्यात बिया भरलेल्या असतात.

शेतात भरीत होतं ते तुरीच्या काड्या, कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर. तुझ्याकडे गॅस आहे, गॅसवर कर. धुराचा वास येणार नाही, म्हणून काही भरीत वाईट होत नाही. तो वास आणायला वाटीत कोळसा ठेवून वर तूप सोडायचा नवा प्रकार मला मुळीच आवडत नाही. वांग्याला तेलाचा हात लाव, सुरीने तीन-चार ठिकाणी टोच, नाहीतर फुटून आतला गर अंगावर उडेल. जाळी ठेवून मध्यम आचेवर फिरवत राहा. वीस मिनिटं लागतात, मोठं असेल तर पंचवीस. तुला दहाव्या मिनिटाला वाटेल, झालं. झालेलं नसतं. वरून काळं दिसतं पण देठाजवळ कच्चं असतं, आणि तेवढ्या एका कच्च्या फोडीने सगळं भरीत तुरट होतं. देठाशी सुरी विरोध न होता आत गेली पाहिजे. या पदार्थात धीर फक्त इथे लागतो.

साल पाण्याखाली धरून काढू नकोस, चव वाहून जाते. हाताने काढ, थोडे काळे कण राहिले तर राहू दे. सुटलेलं पाणी निथळू दे. मिरच्याही त्याच जाळीवर भाज आणि लसणाबरोबर ठेच. गर त्यात कालव, चमच्याने घोटून पेस्ट करायची नाही, रेषा राहिल्या पाहिजेत. कढईत तेलावर जिरे, शेंगदाणे लालसर तळ, हवं तर खोबऱ्याचे काप, मग गर घालून दोन मिनिटं परत. गॅस बंद केल्यावर चिरलेली कांद्याची पात आणि कोथिंबीर. टोमॅटो नाही. गरम मसाला नाही. हळदसुद्धा नाही, भरीत हिरवट पांढरंच दिसायला हवं. कोणी पंजाबी पद्धतीचं करून खात असेल तर खुशाल खावं, चवीला चांगलंच असतं, पण त्याला आपलं भरीत म्हणू नये. बरोबर कळण्याची पुरी किंवा भाकरी.

फुणके आठवड्याच्या सुट्टीला कर. तूरदाळ एक वाटी, चणादाळ अर्धी, चार तास भिजवून पूर्ण निथळून जाडसर वाट, पाणी न घालता. पाणी घातलंस की वाफवताना पसरतात, तेवढंच जप. कांदा, लसूण-मिरची, कोथिंबीर, जिरे, हळद, मीठ. मुठीने लांबट वळून वीस मिनिटं वाफव. गरम कढी, कुस्करलेला फुणका आणि वर तेल.

आणि उन्हाळ्याचं सांगायचं राहिलं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत संध्याकाळी गॅसपुढे उभं राहू नकोस. जे करायचं ते सकाळी कर, रात्री भाकरी, कांदा, ठेचा आणि ताक. उरलेली खिचडी कुकरमध्येच रात्रभर ठेवायची सवय असेल तर मोड. त्या उकाड्यात भात लवकर खराब होतो आणि वासावरून ते कळेलच असं नाही. जेवण झालं की डब्यात काढून लगेच फ्रीजमध्ये, सकाळी कढत वाफ येईपर्यंत गरम करून खा. फ्रीज नसेल तर मोजकीच कर.

तू लिहिलंयस की एकट्यासाठी रांधायचा कंटाळा येतो. येणारच, मलाही येतो. त्यावर उपदेश करत नाही. पण दाळ-तांदूळ भिजत घालायला कंटाळा येत नाही, दोन मिनिटांचं काम आहे. तेवढं करून ठेव. भिजलेलं धान्य समोर दिसलं की माणूस बाहेर खायला जात नाही, हे मी खानावळ बंद केल्यापासून स्वतःवरच बघतेय. ज्या दिवशी अगदीच नको वाटेल त्या दिवशी पोळी-भाजीचं पार्सल आण आणि मनाला लावून घेऊ नकोस.

पुढे खोलीवर दुसरा मुलगा राहायला आला तर त्याला भांडी घासायला लाव, तू रांधतोस ना. तो जळगावचाच असेल तर त्याच्या घरची खिचडी तुझ्यापेक्षा वेगळी असेल, वाद घालू नका, एक दिवस त्याची करा.

दिवाळीनंतर वांगी सुरू झाली की मला फोन कर. यावलकडून धुळ्याला येणारं कोणी ना कोणी सापडतं, चार-पाच चांगली निवडून पाठवते. पात आणि मिरच्या तिकडेच ताज्या घे, आणि ज्वारी त्याच्या आदल्या आठवड्यात दळून आण.

तुझी,
खानावळीतली काकू